एकाच पंक्तीला

संत पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते इ. स. ५७ च्या सुमारास. त्याआधी काही वर्षे सम्राट क्लॉडियसने रोममधील यहुद्यांना हद्दपार केले होते. अक्विला व प्रिस्किल्ला हे ख्रिस्ती दांपत्यही त्यांत होते. ५४ साली सम्राट निवर्तला आणि हद्दपार झालेली मंडळी परतू लागली. मधल्या काळात तेथील ख्रिस्तसभांना परराष्ट्रीयांचे वळण लागले असावे. कोणी निव्वळ भाजीपाला खाणारे, कोणी सर्व काही खाणारे. कोणी विशिष्ट दिवस पाळणारे, कोणाला सारेच दिवस सारखे. वाद वरवर पानातल्या पदार्थांचा, पण आतून तो सदसद्विवेकबुद्धीचा होता.

या वादात पौलाचे स्वतःचे मत स्पष्ट आहे, आणि ते तो लपवीतही नाही: कोणतेही अन्न मुळात अपवित्र नाही. तरीही तो निकाल देऊन मोकळा होत नाही. त्याचे लक्ष दोन निरनिराळ्या पापांकडे जाते. खाणाऱ्याच्या मनात न खाणाऱ्याविषयी तुच्छता उपजते. न खाणारा खाणाऱ्याचा न्यायनिवाडा करतो. एक हसतो, दुसऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. आठ्या चटकन दिसतात, म्हणून आपण प्रवचनांत त्यांच्यावरच बोलतो. पण तुच्छतेचा रोग अधिक चिवट, आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे आम्हां शिकलेल्या धर्मगुरूंमध्ये अधिक आढळणारा. शिवाय पौल म्हणतो की, जी गोष्ट मुळात निर्दोष आहे, तीही मनाला पाप वाटत असताना केली, तर करणाऱ्यासाठी ते पापच ठरते. म्हणजे दुबळ्या बांधवाला थट्टेने आपल्या बाजूला ओढणे ही त्याची सुटका नव्हे. तो त्याच्या आत्म्यावर केलेला घाव आहे. अजाणतेपणी चुकलेली विवेकबुद्धीही आपली प्रतिष्ठा गमावीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, ते याच वाटेने.

आपल्याकडे १९६९ साली रोमने भारतीय उपासनेसाठी बारा मुद्दे संमत केले. आरती, पंचांग प्रणाम, तेलाची समई त्यांतलीच. आज त्याला अर्धशतक उलटून गेले, तरी आरतीचे तबक वेदीसमोर आले की एखादी आजी मान खाली घालते. वाडवडिलांनी जे मोठी किंमत देऊन सोडले, तेच पुन्हा दारातून आत येत आहे, असे तिला वाटते. तिचे म्हणणे मला पटत नाही. पण तिच्या मनात देवाविषयी निष्ठाच आहे, हे मला दिसते. तीच गोष्ट ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यावा की तळहातावर, याची. २०२० च्या महासाथीत अनेक ठिकाणी तो तळहातावरच देण्यात आला, तेव्हा काही भाविक रडले. काहींना त्या रडण्याचे हसू आले.

मग सारेच ज्याच्या त्याच्या मनावर सोडावे काय? नाही. हाच पौल अंत्युखियात पेत्राला सर्वांसमक्ष खडसावतो, आणि तेही जेवणावरूनच! फरक एवढाच की, तेथे पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला होता. काय खावे हा विवेकाचा प्रश्न. कोणासोबत खाऊ नये, हा शुभवर्तमानालाच नकार. म्हणून चर्चमध्ये किंवा दफनभूमीत जातीची कुंपणे राखणारा कोणी ‘माझी विवेकबुद्धी’ असे म्हणू लागला, तर त्याला रोमकरांस पत्राचा आसरा मिळणार नाही. तेथे गप्प बसणे ही प्रीती नव्हे.

एरवी मतभेद मिटायलाच हवेत असेही नाही. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्ण्याचे वृद्ध महागुरू संत पॉलिकार्प रोमला आले. पास्काचा सण निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशीच, मग वार कोणताही असो, ही त्यांची परंपरा. पोप अनिसेटस यांची रविवारची. दोघांनी चर्चा केली, कोणीही कोणाला पटवू शकला नाही. अनिसेटस यांनी आदराने आपल्या मंडळीत पॉलिकार्पांना पवित्र मिस्सा अर्पण करू दिली, आणि दोघे शांतीने निरोप घेऊन परतले. पुढे १९० च्या सुमारास पोप व्हिक्टर याच प्रश्नावरून आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करू पाहत होते. त्या वेळी ल्योनच्या संत इरेनेउसने त्यांना या भेटीची आठवण करून देणारे पत्र लिहिले. इरेनेउस स्वतः पास्का रविवारीच पाळीत असे.