पथकर नसलेली वाट

सप्टेंबर महिना उजाडला की पिंपरी-चिंचवडच्या धर्मग्रामांतून वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. कोणी चिंचवड स्थानकावर सकाळची गाडी धरून दादरला उतरतात आणि तेथून लोकलने वांद्रे गाठतात. कोणी दोन-तीन कुटुंबे मिळून गाडी ठरवतात आणि थेट टेकडीवर, चर्चच्या दारापाशी उतरतात. घरी परतल्यावर मग एक वाद हमखास निघतो. पायऱ्या चढून गेला त्याची ती यात्रा, दारात उतरला त्याची नुसती सहल, असे काहींचे मत पडते. हे मत ऐकताना धार्मिक वाटते. म्हणूनच ते पारखून घ्यावे, असे आम्हांस वाटते. देवाच्या दारी नेणारी वाट सोपी झाली, म्हणजे भक्ती उणी होते काय?

प्रथम त्या वाटेचाच इतिहास पाहू. मुंबई आणि साष्टी ही एके काळी निरनिराळी बेटे होती. माहीमहून वांद्र्याला जायचे तर मधली खाडी होडीने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम होते. मोत माउलीचा उत्सव तर पावसाळ्याच्या अखेरीसच येतो. खाडीवर रस्ता बांधावा, ही मागणी जुनीच होती; अडत होते ते पैशापाशी. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले, १८४१ मध्ये काम सुरू झाले आणि १८४५ मध्ये माहीमचा रस्ता लोकांसाठी खुला झाला. आवाबाईंनी एकच अट घातली होती : या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये. त्यांनी मोत माउलीला नवस केला होता, अशी एक आख्यायिकाही सांगतात. ती खरी असो वा नसो, पारशी धर्माच्या एका स्त्रीने मरियेच्या टेकडीकडे जाणारी वाट सुकर केली, हे मात्र खरे आहे. टेकडीवर आज जे चर्च उभे आहे, त्याचा आराखडाही शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुशिल्पकाराने केला. ते १९०४ मध्ये बांधून झाले आणि १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला.

आता विचारावेसे वाटते : होडीने जीव मुठीत धरून जाणाऱ्यांची भक्ती खरी, आणि १८४५ नंतर कोरड्या पायांनी आलेल्यांची खोटी, असे आपण म्हणू काय? तसे म्हणणारा आज तरी कोणी भेटणार नाही. पण मग पायऱ्या आणि मोटार यांच्यामध्येच ती रेषा ओढण्याला तरी काय आधार आहे?

हा प्रश्न केवळ वांद्र्याचा नाही. इटलीतील ऑर्व्हिएतो हे प्राचीन शहर एका उभ्या कड्याच्या खडकावर वसलेले आहे. तेथील सुप्रसिद्ध कॅथीड्रलची कोनशिला १२९० मध्ये पोप चौथे निकोलस यांनी बसवली. त्या काळी दगडाचा प्रत्येक ठोकळा माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर वर चढला. पुढे १८८८ मध्ये दरीतील रेल्वे स्थानकापासून शहरापर्यंत दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे झाली. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, म्हणजे तो वजनाने खाली येई आणि खालचा डबा वर ओढला जाई. १९७० मध्ये ती बंद पडली. १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. आज काही मिनिटांत यात्रिक कड्यावर पोहोचतो आणि तेथून कॅथीड्रलच्या चौकात जातो. ज्याची छाती भरून येते किंवा गुडघे दुखतात, त्यालाही ते दार आता बंद राहिलेले नाही.

याचा अर्थ कष्टाला मोल नाही, असे मुळीच नव्हे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्याच शहरातून जाते, आकुर्डीला मुक्काम करते. पंढरीपर्यंत पायी चालणाऱ्या त्या माणसांकडे पाहून मान आपोआप लवते. परंतु त्यांच्या वाटेवर पाणी घेऊन उभे राहणारे, पायांना तेल चोळणारे, फोडांना औषध लावणारेही असतात. वारकरी त्यांची सेवा नाकारत नाही, आणि ‘तू चालला नाहीस’ असे त्यांना हिणवतही नाही. कष्ट स्वतःहून पत्करले की ते अर्पण ठरतात. दुसऱ्यावर लादले की ती भिंत होते. शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि वाट मिळेना तेव्हा छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे खाली सोडले. तू स्वतः चालत का आला नाहीस, असे प्रभूने त्याला विचारले नाही.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न दर आठवड्याला उभा राहतो. येथील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला सकाळची मिस्सा कशी मिळावी? १९८३ च्या धर्मसंहितेने शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, असे स्पष्ट सांगितले आहे. आईने दमलेल्या लेकरासाठी चार पावले पुढे यावे, तशी ख्रिस्तसभा येथे पुढे आली आहे. तरीही शनिवारी येणाऱ्याकडे काहीशा कमीपणाने पाहणारी नजर आपल्यात आढळतेच.

वाट सोपी झाल्याने एक जबाबदारी मात्र वाढते, आणि ती गाडीतून उतरणाऱ्यावर अधिक असते. वाचलेला वेळ आणि वाचलेले बळ कोणासाठी खर्च केले? गाडीत एक जागा रिकामी असताना शेजारच्या विधवा आजीबाईंना विचारले काय? चाकणच्या बाजूला खोली घेऊन एकटा राहणारा कंत्राटी कामगार धर्मग्रामाच्या यादीत तरी आहे काय? चर्चच्या दाराशी पायऱ्यांच्या जोडीला उतार बांधण्याचा विषय निघाला, की खर्चाचे कारण पुढे करणारे आपणच असतो ना? ऑर्व्हिएतोत ख्रिस्तशरीराच्या सणाला बोल्सेनाच्या चमत्काराचे पवित्र वस्त्र कॅथीड्रलमधून बाहेर काढतात आणि रस्त्यारस्त्यांतून मिरवतात. आपल्या धर्मग्रामांतही आजाऱ्यांच्या उशाशी कम्युनियन नेले जाते. जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे प्रभू स्वतःच वाट चालून जातो.

तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने पायऱ्या अवश्य चढाव्यात आणि तो शीण मुकाट्याने प्रभूला अर्पण करावा. पण आपल्या शिणाची पावती दाखवून दुसऱ्याची यात्रा हलकी ठरवू नये. आवाबाईंनी लाखांहून अधिक रुपये दिले आणि त्या वाटेवर पथकर घेऊ दिला नाही. आपण तर त्या वाटेसाठी एक दगडही वाहिलेला नाही. मग येणाऱ्याजाणाऱ्याकडून तुच्छतेचा पथकर वसूल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?