रंगाखालचें लोखंड

जुनी स्कूटर घरच्या अंगणांत रंगवून नव्यासारखी करण्यांत कांहीं दोष आहे काय? वरवर पाहतां हा प्रश्नच नव्हे असें वाटेल. भिंतीस आपण चुना देतों, दारास तेल लावतों, त्यांत कोणी कोणास फसवीत नाहीं. परंतु रंग कसा चढतो हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या प्रश्नाचा कठीण भाग कोठें आहे तें लवकर कळेल.

साताऱ्यास १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीच्या कारखान्यांत 'प्रिया' नांवाची स्कूटर तयार होत असे. ती आतां होत नाहीं. जुन्या गाड्या मात्र हस्तांतरित होत राहिल्या. अशा स्कूटरीस सायकलीसारखा नळ्यांचा निराळा सांगाडा नसतो. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. ज्या पत्र्यावर पाय ठेवावयाचे त्याच पत्र्यावर सारा भार.

रंगकामाची रीत अशी. आधीं जुना रंग व गंज घासून पत्रा उघडा करावयाचा, मग तेलकटपणा पुसून त्यावर प्रायमरचा हात द्यावयाचा. खळग्यांत लांबी भरावयाची, ती घासून सपाट झाली कीं सर्फेसर, मग पुन्हां पाण्याचा पॉलिशपेपर. त्यावर रंगाचे दोनतीन पातळ हात आणि शेवटीं लॅकर. प्रत्येक हात सुकेपर्यंत थांबलें पाहिजे. पावसाळ्यांत तर हें काम करूंच नये. दमट हवेंत लॅकरवर पांढरी झांक येते, आणि उघडा पत्रा एका रात्रींत तांबूस होतो. (लॅकरमध्यें हार्डनर मिसळला असेल तर त्याची वाफ फुप्फुसांस फार अपायकारक असते. तोंडास नुसता रुमाल बांधून ती अडत नाहीं. जेथें लेंकरें निजतात तेथें फवारा मारणें हा शेजाऱ्याचा नव्हे, स्वतःच्या घराचाच अपराध होय.)

इतकें सगळें होऊन थरांची एकंदर जाडी मिलिमीटरच्या एकदशांशाच्या आसपास भरते. पाहणारास दिसतो तो केवळ शेवटचा हात. खालचा गंज न काढतां त्यावरच लांबी थापली, तरी पहिले कांहीं महिने दोन्ही कामें सारखींच चकाकतात. गंज मात्र आंत वाढतच असतो; लोखंडापेक्षां तो अधिक जागा व्यापतो, म्हणून पुढें रंगास फुगे येतात. तोंवर गाडी दुसऱ्याच्या दारांत गेलेली असते.

येथें कित्येक म्हणतात, "आम्ही खोटें बोललों नाहीं, घेणारानें विचारलें नाहीं, आम्ही सांगितलें नाहीं." आम्हांस हें मान्य नाहीं. नवा रंग हें स्वतःच एक बोलणें आहे. पत्रा धड आहे असें तो घेणारास सांगतो, व तें ऐकावें म्हणूनच तो दिलेला असतो. पोंचा बुजविण्यास लांबी भरली तर रूप सुधारलें इतकेंच. कुजलेल्या पत्र्यावर ती भरली तर त्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाच्या जिवाशीं गांठ आहे.

ह्याहून कठीण गोष्ट महापुराची. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. धोक्याची खूण ४५ फुटांची. अशा पुरांत ज्याची गाडी बुडाली त्यानें तर कोणाचें कांहीं वाईट केलें नव्हतें. तो गरीब मनुष्य म्हणेल, "नदीनें माझें नुकसान केलें, तें सगळें मींच कां सोसावें?" हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. नुकसान एकट्यानेंच सोसलें पाहिजे असेंही आमचें म्हणणें नाहीं. गाडी पाण्यांत होती, अमुक ठिकाणीं पत्रा कापून नवा जोडला आहे, असें सांगून किंमत उतरविली, तर घेणारा आपल्या राजीखुषीनें त्या नुकसानाचा वांटा उचलतो. न सांगतां विकली, तर सगळें ओझें त्याच्या नकळत त्याच्या माथीं पडतें. आणि तोही बहुधा गरीबच असतो, कारण श्रीमंत मनुष्य जुनी स्कूटर घेत नाहीं.

ज्यास गाडी विकावयाचीच आहे त्यास एक सोपा उपाय आहे. पत्रा उघडा असतां, प्रायमर लावण्यापूर्वीं, घेणारास अंगणांत बोलावून तो दाखवावा, आणि भाव तेव्हांच ठरवावा. रंग कोणता द्यावयाचा हें मग घेणारानेंच सांगावें.