दुनळीचं पाप-पुण्य

हिंजवडीत आयटी पार्क येण्याआधी आमच्याकडे भाताची खाचरं होती आणि आजोबांची बारा बोअरची दुनळी होती. खाचरं गेली, दुनळी परवान्यासह वडिलांकडे आली. यंदा खंडेनवमीला तेल देण्यासाठी वडिलांनी नळ्या सोडवल्या, तेव्हा खालच्या सपाट भागावर मला बारीक ठसे दिसले: मुकुट, आणि त्याखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’, ‘एनपी’.

शोधलं तेव्हा कळलं, हे ठसे 1813 साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, 1904 ते 1954 या काळातले. तिथे विक्रीआधी नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी टिकली तरच ठसा. ‘एनपी’ म्हणजे धूररहित दारूची कसोटी. बारा बोअरचा अर्थही तेव्हाच उमगला: नळीच्या मापाच्या बारा शिसाच्या गोळ्यांचं वजन एक पौंड.

पोलादाचा इतिहास असा अक्षरांत सापडतो. पण या दुनळीने रानडुकरं हाकलली की कुणाला धाक घातला, याचा ठसा कुठेच नाही. मग आपण हळदकुंकू वाहतो ते नेमकं कशाला?

बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटलं. म्हणजे पाप-पुण्य चापात नाही, चापावरच्या बोटामागे आहे. मला हे पटतं, पण अर्धंच. भरलेली बंदूक हाताशी असली की रागाला वाट सापडते. वस्तू कर्म करत नाही. सोपं मात्र करते.

म्हणून आमच्या पूजेचा नियम आजोबांनीच घालून दिलाय: आधी दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या असल्याची खात्री, मग फूल.