खुंटी नसलेलं सोंग

बंगळूरच्या मारतहळ्ळीत नव्याने राहायला आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यातच पाटीवरचं नाव आपल्या सोयीने वाचू लागतो: मराठाहळ्ळी. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर होतं हे शाळेत घोकलेलं असतं, तेव्हा आपल्याच कुणी पूर्वजांनी इथे तळ ठोकला असणार याबद्दल त्याला शंका उरत नाही. मग शेजारचे गृहस्थ त्याला दुसरी गोष्ट ऐकवतात. जवळच हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना, तिथे बनलेलं ‘मारुत’ हे लढाऊ विमान, आणि त्यावरून पडलेलं हे नाव. विमानाचं पहिलं उड्डाण १९६१ सालचं, हे पक्कं. बाकी दोन्ही गोष्टी पुलाखालच्या गर्दीत एकमेकींना धक्के देत सुखाने नांदतात. नावामागे नेमकं कोण आहे, हे विचारायला इथे कुणाला सवड नाही.

याच प्रश्नावर याच शहरातल्या एका विनोदवीराने आपलं दुकान मांडलं. दानिश सेट, जन्म १९८८चा, बंगळूरचाच. एफएम रेडिओवर ‘सुपारी’ नावाचा त्याचा कार्यक्रम असे. आवाज बदलून अनोळखी माणसाला फोन करायचा आणि त्याची फिरकी घ्यायची. या फोनांतून ‘नोगराज’ नावाचा एक बनेल पुढारी जन्माला आला, आणि जानेवारी २०१८मध्ये साद खान दिग्दर्शित ‘हम्बल पॉलिटिशियन नोगराज’ या कन्नड सिनेमात तोच पुढारी पडद्यावर अवतरला. आयपीएलमध्ये बंगळूरच्या संघासाठी तो ‘मिस्टर नॅग्स’ झाला. २०२०च्या टाळेबंदीत घरात बसून तो एकटाच फोनच्या दोन्ही बाजूंनी बोलायचा, त्या चित्रफिती घरोघरी पोचल्या. चार वर्षांनी मोहनलालच्या ‘मलैकोट्टै वालिबन’ या मल्याळम सिनेमात हाच माणूस खलनायक होता. विनोदी कलाकाराने नट व्हावं ही वाट काही नवी नाही. लोक तिला बढती समजतात. पैसा, पोस्टर, नाव. तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर मात्र प्रकरण वेगळंच दिसतं.

नटाविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे. नवव्या शतकातल्या शंकुकाचा ग्रंथ हरवला, पण अभिनवगुप्ताने त्याचं म्हणणं खोडण्यासाठी का होईना जपून ठेवलं. शंकुक विचारतो: रंगमंचावर राम पाहताना प्रेक्षकाच्या मनात नेमकं काय चालतं? ‘हा रामच आहे’ असं त्याला वाटत नाही. ‘हा राम नाही’ असंही वाटत नाही. राम असेल की नसेल अशी शंकाही नसते, आणि हा रामासारखा दिसतो अशी तुलनाही नसते. या चारींहून वेगळी अशी ती जाणीव आहे, चित्रातल्या घोड्याकडे पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो तशी. त्या घोड्यावर कुणी बसायला जात नाही आणि ‘हा तर नुसता रंग’ म्हणून कुणी पाठही फिरवत नाही.

आता स्टँड-अपवाला घ्या. एक माइक, एक स्टूल, पाण्याची बाटली. अंगात रोजचाच टी-शर्ट. तो म्हणतो, ‘काल माझी बायको मला म्हणाली...’ काल त्याची बायको काहीच म्हणालेली नसते. कित्येकदा त्याला बायकोही नसते. पण समोरच्या माणसाच्या मनात शंकुकाची पाचवी जाणीव उगवत नाही, पहिलीच ठाण मांडून बसते: हा तोच आहे. चित्रातला घोडा चौकट सोडून रस्त्यावर उभा राहिला, तर त्याला चित्र कुणी म्हणावं?

वेदान्ताची अडचण याहून मोठी. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त नटाचा दृष्टान्त आहे. वेष चढवलेला असो वा उतरवलेला, नट माणूसच असतो; तसा ब्रह्म जाणणारा देहात असो वा नसो, ब्रह्मच. ज्ञानेश्वरीतला बहुरूपी राजा-राणीचं सोंग नीट वठवतो, मनात मात्र तो राजा नसतो की राणी. दृष्टान्त सुरेख आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरली आहे: सोंग उतरवून ठेवायला खुंटी असते. फेटा काढला, रंग पुसला, खाली माणूस सापडला. स्वतःचंच नाव, स्वतःचाच चेहरा, स्वतःचीच आई-बायको-शेजारी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने काय उतरवायचं?

एकनाथांना ही खुंटी नेमकी ठाऊक होती. भारुडात ते ‘मी’ म्हणूनच बोलतात. कधी विंचू चावलेला माणूस, कधी जोगवा मागणारी बाई, कधी गारुडी. पैठणच्या ब्राह्मणाने सोळाव्या शतकात ज्यांची सावली टाळायची, त्यांच्याच तोंडून तो ‘मी, मी’ म्हणत राहतो. पण रचनेच्या शेवटी गुरू जनार्दनस्वामींच्या नावाशी जोडलेली स्वतःची नाममुद्रा येते आणि ऐकणाऱ्याला कळतं, बोलणारा हा होता. त्या मुद्रेपाशी सोंग उतरतं. तमाशानेही आपली सोय करून ठेवली. आधी गण, देवाला वंदन. मग गवळण, आणि तिच्यात मिशी काढून लुगडं नेसलेली मावशी साक्षात कृष्णाची उलटतपासणी घेते, त्याच्या चोऱ्यामाऱ्या चव्हाट्यावर आणते. देवाची इतकी राजरोस टिंगल होऊनही पुढच्या रांगेतल्या माळकरी म्हाताऱ्याच्या भक्तीला ओरखडा उठत नाही. ती मावशी आहे, हे त्याला ठाऊक असतं.

आणि ठाऊक नसेल तर? नाट्यशास्त्राच्या शेवटी एक गोष्ट आहे, ती आपले नाट्यप्रेमी सहसा सांगत नाहीत. भरतमुनींचे पुत्र विद्येने फुगले आणि त्यांनी प्रहसनात ऋषींची नक्कल केली. ऋषी संतापले. तुमचं ब्राह्मण्य जाईल, तुम्ही शूद्र व्हाल, असा शाप त्यांनी दिला. (शिक्षा म्हणून त्यांना हेच सुचावं, यातून ऋषींविषयीही बरंच कळतं.) विनोदाने भावना दुखावल्याची ही आपल्याकडची बहुधा पहिली नोंद. नाटक ज्याने मर्त्यलोकात आणलं, त्याच्याच घरात ते घडावं!

हा शाप अजून उतरलेला नाही. स्टँड-अप करणाऱ्या मुनव्वर फारुकीला देवांची टिंगल केल्याच्या आरोपावरून १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत तो महिनाभर तुरुंगात राहिला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला बंगळूरच्या गुड शेफर्ड सभागृहातला त्याचा कार्यक्रम पोलिसांनी कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन होऊ दिला नाही. पुढे त्याने ‘बिग बॉस’ जिंकलं आणि २०२५मध्ये ‘फर्स्ट कॉपी’ या मालिकेत चोरट्या डीव्हीडींचा धंदा करणारा आरिफ रंगवला. पडद्यावरचा आरिफ कायदा मोडतो, पण त्याबद्दल फारुकीला कुणी जाब विचारत नाही. ‘मी’ म्हणून केलेल्या विनोदाची किंमत त्याने तुरुंगात मोजली, ‘तो’ म्हणून केलेल्या गुन्ह्याचं मानधन मिळालं. आरिफ कुठल्या देवाविषयी बोलत नाही, हा फरक आहेच. तरीही नट होण्यातली बढती खरी इथे आहे: त्याला खुंटी मिळाली.

खुंटी मिळूनही सोंग अंगाला चिकटलं तर काय, याचं आपलं उदाहरण नायगावच्या चाळीत १९३२ साली जन्मलं. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके. गिरणगावातलं घर, पोरवयात बँड, मग अपना बाजारची नोकरी, सेवादलाचं कलापथक. घरातली एकामागून एक माणसं गेल्यावर हा माणूस हसवण्याकडे वळला. १९६५मध्ये वसंत सबनीसांचं ‘छपरी पलंगाचा वग ऊर्फ विच्छा माझी पुरी करा’ आलं आणि त्यातला हवालदार दादांनी असा काही उचलला की प्रयोग पंधराशेच्या वर गेले. सबनीसांची संहिता एक आणि रोजचा प्रयोग दुसराच. सकाळच्या पेपरात आलेली बातमी रात्री हवालदाराच्या तोंडी यायची. बतावणीतला सोंगाड्या असाच चालतो, आणि स्टँड-अप हा शब्द मुंबईत रुळायच्या कितीतरी आधी दादा तेच करत होते. फरक एवढाच की त्यांच्या डोक्यावर हवालदाराची टोपी होती.

मग भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ (१९६९) आणि दोन वर्षांनी स्वतःचा ‘सोंगाड्या’. त्यातला नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि आईच्या शिव्या खातो. हा नाम्या मग दादांना सोडेना. नाव बदललं, गाव बदललं, अर्धी चड्डी आणि तिचा लोंबता नाडा तोच राहिला. लागोपाठ नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला, त्याची नोंद गिनेसने घेतली. सेन्सॉर बोर्डाशी त्यांची झटापट नित्याचीच. बोर्डाने बोट ठेवायचं आणि दादांनी शब्दाचा सरळ अर्थ दाखवायचा, दुसरा तुमच्याच डोक्यात आला म्हणायचं. लोक याला चावटपणा म्हणून सोडून देतात. पण बोललेल्या शब्दाच्या अर्थाचा मालक कोण, बोलणारा की ऐकणारा, हा मीमांसकांच्या तोडीचा वाद दादा एका नाड्यावर लढवत होते. शिवाय त्यांचा बचाव पूर्ण सोंगाच्या आत राहून होता: नाम्या भोळा आहे, त्याला दुसरा अर्थ कुठून ठाऊक असणार? टोपीखालच्या कृष्णा कोंडक्यांना तो चांगलाच ठाऊक होता, हे थिएटरातल्या शेवटच्या बाकालाही कळत होतं.

लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ इथे आठवतं. एक माणूस, बावन्न पात्रं, आणि मराठीत त्याला म्हणायचं काय, तर ‘एकपात्री’. भाषा इथे नकळत वेदान्त बोलून गेली आहे. पण देशपांडे बावन्नांतून सुखरूप बाहेर यायचे. एकातच अडकलेल्याचं काय?

१९७२ साली दादांचा ‘एकटा जीव सदाशिव’ आला. म्हण जुनी, मागेपुढे कुणी नसलेल्या सड्या माणसाला लावायची. पण शब्द जरा थांबून ऐकले की त्यांत अद्वैत बसलेलं दिसतं: जीव एकटा झाला, म्हणजे शिवच झाला. पुढे अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेलं दादांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं, त्याचं नाव ‘एकटा जीव’. महाराष्ट्राला पोट धरून हसवणाऱ्या माणसाचं एकटेपण त्या पुस्तकात पानोपानी आहे. सदाशिव मात्र नावातून गळला आहे. वेष उतरवला की खाली ब्रह्म सापडतं, हा आचार्यांचा हवाला. दादांना खाली जे सापडलं त्याला त्यांनी देवाचं नाव दिलं नाही. हा प्रामाणिकपणा कुठल्याही भाष्यग्रंथाशेजारी ठेवावा असा आहे.

१४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. त्यांच्या १९७५च्या ‘पांडू हवालदार’मधला पांडू मुंबईत सामान्यनाम होऊन बसला आहे, शिपायाला पांडू म्हणतात. मारतहळ्ळीच्या पुलाखाली संध्याकाळी बाह्यवळण रस्त्यावरची वाहनं तुंबली की लालबाग-परळकडून इथे नोकरीला आलेला एखादा पोरगा हेल्मेटमधून आजही वैतागतो, ‘पांडू कुठंय?’ त्याने सिनेमा पाहिलेला नसतो. पुढे उभ्या असलेल्या कन्नड शिपायाला आपण कुणाचं सोंग घेतलंय याचा पत्ता नसतो, आणि तो शिट्टी फुंकत गाड्या सोडत राहतो.