समुद्रदेव कुणाच्या मालकीचा?

आपली पुराणं विस्कळीत आहेत, एकाच देवाबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी, कशाचा कशाला मेळ नाही. त्यापेक्षा इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांतलं जग पाहा, तिथे प्रत्येक देवाचं काम ठरलेलं, वंशावळ ठरलेली, नकाशासुद्धा छापलेला, असं हल्ली वारंवार कानावर येतं. म्हणणारे बहुतेक तरुण वाचक असतात आणि ते मन लावून वाचणारे असतात, म्हणूनच हे बोलणं सलत राहतं. उदाहरणादाखल समुद्रदेव हटकून पुढे केला जातो. एका बाजूला जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द सिल्मरिलियन’मधला उल्मो, सगळ्या पाण्यांचा अधिपती, एकटा राहणारा, गंभीर, दुसऱ्या बाजूला आपला वरुण, जो आधी आकाशाचा राजा होता की पाण्याचा हेसुद्धा धड सांगता येत नाही. बहादरपूर-बऱ्हाणपूरच्या मुलखात तर त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते: आपल्याला समुद्राचं काय? आपली तापी, समुद्र तिकडे सुरतेच्या पलीकडे. या दोन्ही बोलण्यांचा समाचार घ्यावा, एवढ्याच हेतूने मी हा विषय हाती घेतला.

वरुणाचा गोंधळ खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. ऋग्वेदातला वरुण ऋताचा रखवालदार आहे, त्याचे हेर सगळीकडे फिरतात, हातात पाश आहे. पुढे महाकाव्यांच्या काळात तो पश्चिम दिशेचा दिक्पाल आणि पाण्याचा धनी होऊन बसतो. त्याच्या जोडीला खुद्द समुद्रही देहधारी होऊन वावरतो. मंथन, सेतू, अगस्तीचं आचमन, परशुरामाने मागे हटवलेली कोकणपट्टी, या कथा सर्वांना पाठ आहेत. त्या एका ओळीत मांडल्या की मात्र एक गोष्ट ठळक होते: आपल्या कथांतला समुद्र सतत हार खातो. त्याला घुसळलं जातं, पिऊन टाकलं जातं, बाण रोखून धमकावलं जातं, जमीन सोडायला लावलं जातं. ग्रीकांच्या पोसायडनने ओडिसियसला वर्षानुवर्षं घरापासून दूर ठेवलं. आपला समुद्र रामापुढे तीन दिवसांनी का होईना, पण हात जोडून उभा राहतो आणि वर नल पूल बांधू शकेल हा सल्लाही देतो. एवढ्या अफाट शक्तीला कथेत एवढं नमतं का घ्यावं लागतं?

याचं उत्तर शोधताना मला एक भेद फार उपयोगी वाटतो. काही देव सांगण्यातले असतात आणि काही देव व्यवहारातले. सांगण्यातल्या देवाची गोष्ट ऐकायची, रंगून जायचं, पुस्तक मिटायचं. व्यवहारातल्या देवाशी देणंघेणं असतं. त्याला शब्द द्यावा लागतो, मुदत मागावी लागते, कधी शब्द फिरवावा लागतो. ऐतरेय ब्राह्मणातली हरिश्चंद्राची कथा या दृष्टीने वाचावी. मूल होत नाही म्हणून राजा वरुणाला नवस बोलतो: मुलगा होऊ दे, तुलाच बळी देईन. रोहित जन्मतो आणि वरुण दारात उभा. राजा म्हणतो, दहा दिवस होऊ देत. मग म्हणतो, दात येऊ देत. मग, दुधाचे दात पडू देत. मग, पुन्हा दात येऊ देत. मग, शस्त्र धरण्याजोगा होऊ दे. दर वेळी वरुण मान्य करतो. अखेर मुलगाच रानात निघून जातो आणि राजाला जलोदर होतो, त्याचं पोट पाण्याने भरतं. पाण्याच्या देवाने थकलेलं देणं देहातच पाणी भरून वसूल करावं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला वरुण आतून ठाऊक होता. इथे सुसंगती नाही. पण सावकार आणि कुळ यांच्यात असतो तसला ताण आहे, आणि जगण्यात देव शिरतो तो त्या ताणातून.

कोकणातल्या नारळी पौर्णिमेतही तोच ताण आहे. सोनेरी वेष्टनातला नारळ मिरवत किनाऱ्यावर नेतात, होड्या रंगवून पूजतात आणि नारळ दर्याला वाहतात. या समारंभामागे हिशोब आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मासळीचा विणीचा हंगाम असतो, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. नारळ वाहिला की पुन्हा दर्यात जायची मोकळीक. आज सरकारी मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते आणि पौर्णिमा ऑगस्टमध्ये पंधरवड्याने मागेपुढे येते. त्यामुळे कायद्याने मोकळं असूनही नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणारा कोळी आणि १ ऑगस्टलाच जाळं टाकणारा कोळी, दोघेही एकाच बंदरात सापडतात. देव खरा की खोटा हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. कधी निघायचं, हा प्रश्न आहे आणि त्या निर्णयात देवाचं मत धरलेलं आहे.

आता टॉल्किन यांच्याशी वाद घालतो, कारण सुसंगतीचा आग्रह मुळात त्यांचा आहे. १९३९ साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं. निर्मात्याने रचलेलं दुय्यम जग आतून इतकं एकसंध असावं की वाचकाचा त्यावर विश्वासच बसावा, असं त्यांनी त्यात मांडलं. कादंबरीपुरतं हे मला मान्य आहे. पण पुराणकथेला हीच कसोटी लावली की पुराणकथेचं काम चुकीचं समजलं जातं. एकसंध समुद्रदेवाशी घासाघीस करता येत नाही. त्याचा प्रत्येक निर्णय लेखकाने आधीच घेतलेला असतो. वाचकाने फक्त तो समजून घ्यायचा. वरुण दर वेळी मुदत वाढवून देतो, कारण कथा सांगणाऱ्यालाही पुढचं ठरलेलं वाटत नाही. यावर कुणी म्हणेल, रचलेल्या देवांनाही विधी असतात. खरं आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतल्या बेटकऱ्यांचा बुडालेला देव पाहा: त्याचा पुजारी माणसांना खाऱ्या पाण्यात बुडवून पुन्हा शुद्धीवर आणतो आणि दीक्षा देतो. विधी अस्सल वाटावा इतका नेमका आहे. तरी तो त्या कादंबरीतल्या माणसांचा स्वभाव दाखवण्यापुरता आहे. त्यासाठी कुणाची होडी किनाऱ्यावर थांबून राहत नाही. इथवर माझं म्हणणं सरळ होतं. देणंघेणं असलेला देव जिवंत, नसलेला निर्जीव, आणि कल्पित समुद्रदेव या दुसऱ्या रांगेतला.

पण बऱ्हाणपूरच्या बाजूने विचार सुरू केला आणि ही सरळ मांडणी अडखळू लागली. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. नद्या समुद्राच्या बायका, ही जुनी कविकल्पना. पण तापीकाठच्या माहात्म्यकथांत तिला नेमकं नातं मिळालं आहे. सूर्याची मुलगी तपती, तिचा नवरा राजा संवरण, आणि हा संवरण म्हणजे वरुणाचा अवतार. म्हणजे कोरड्या मुलखातल्या लोकांनी आपल्या नदीसाठी समुद्राघरी सोयरीक जुळवली. ती जुळवताना खाऱ्या पाण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता का? बहुतेकांच्या नव्हता. रामायण-महाभारताच्या कित्येक कथनकारांच्याही नसावा. आपल्या कथांतला समुद्र वारंवार का नमतो, याचं एक कारण मला इथे दिसतं: तो जमिनीवरच्या माणसांनी रचलेला समुद्र आहे. दर्यात रोज जाणारा कोळी त्याला असं नमवणार नाही. तो नारळ देईल आणि जपून राहील. तसं असेल तर वरुणसुद्धा बऱ्याच अंशी कल्पिलेलाच ठरतो आणि कल्पित म्हणून उल्मोला खाली ढकलण्याचा अधिकार मला उरत नाही.

आपल्याला समुद्राचं काय, या प्रश्नाचंही उत्तर इथेच देतो. सतराव्या शतकात झां-बातीस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या गावातून गेला. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं असं त्याने लिहून ठेवलं आहे. ते सुरतेच्या बंदराकडे जाई, आणि तापीच्या पाण्याची वाटही तिकडेच जाते. इथल्या विणकराने समुद्र पाहिला नसेल, पण जहाज बुडालं की त्याचा फटका त्याच्या मागापर्यंत पोचू शकत होता. न पाहिलेल्या समुद्राची भीती आणि आस दोन्ही बाळगायला एवढं पुरेसं आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे आली, तीही आपला जलदेव घेऊन. झूलेलालला ते वरुणाचा अवतार मानतात. ठठ्ठ्याच्या मिर्खशाहाच्या जाचाला कंटाळून लोकांनी सिंधूकाठी चाळीस दिवस आराधना केली आणि नसरपूरला तो जन्मला, अशी कथा आहे. कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं मांडलेला बहराणा वाहत्या पाण्यात सोडायचा असतो. सिंधू सीमेपलीकडे राहिली, तेव्हा जी नदी जवळ असेल ती चालते. देवाने या बदलाला हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारा एकच एक अधिकृत ग्रंथ कुणाच्या हाती नव्हता. वरुणाचा जो विस्कळीतपणा आमच्या तरुण वाचकांना खटकतो, त्याच्याच बळावर हा देव स्थलांतर झेलू शकला.

मग उल्मोकडे परत वळलो, तेव्हा तो आधीसारखा राहिला नव्हता. टॉल्किन १९७३ साली वारले. ‘द सिल्मरिलियन’ १९७७ मध्ये निघालं, ते त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, अनेक दशकांच्या मसुद्यांतून निवडून जुळवलेलं. पुढे १९८३ ते १९९६ या काळात ख्रिस्तोफर यांनी ते मसुदे बारा खंडांत छापले. ते पाहिले की एकसंधपणाचा आग्रह धरणाऱ्या लेखकाचाच समुद्रदेव एकसंध नव्हता हे कळतं. गोंडोलिन नगरीच्या पतनाची कथा टॉल्किन यांनी प्रथम १९१६-१७ मध्ये, सोमच्या लढाईतून आजारी होऊन परतल्यावर लिहिली. त्यात उल्मो तुओर या तरुणाला समुद्रापासून दूर, आतल्या नदीकाठच्या विलोच्या रानात गाठतो आणि राजा तुर्गोनसाठी निरोप देतो, तो आधी युद्धाच्या तयारीचा. छापील ग्रंथात तो वादळात समुद्रकिनाऱ्यावर प्रकटतो आणि निरोप असतो नगर सोडून नदीच्या वाटेने समुद्राकडे निघून जाण्याचा. दोन्हीकडे राजा ऐकत नाही आणि नगर जळतं. युद्ध की निघून जाणं, यावर देवाचं मत बदललं, कारण लेखकाचं मन आयुष्यभर त्या प्रश्नाशी झगडत होतं. हरिश्चंद्राने मुदती मागितल्या तशा टॉल्किन यांनी उल्मोकडे मागितल्या असं म्हणायला मला आता संकोच वाटत नाही. इतर देव माणसांकडे पाठ फिरवून बसलेले असताना हा एकटा प्रत्येक ओढ्यातून, झऱ्यातून निरोप पाठवत राहतो, हेही तापीकाठच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. समुद्र नदीतून वर येतो ही श्रद्धा आपलीही आहे.

तेव्हा माझा भेद सोडत नाही, पण त्याची रेघ मी जिथे ओढली होती तिथे ती राहत नाही. रचलेला आणि परंपरेने आलेला, असे दोन वेगळे ढीग करता येत नाहीत. ज्या देवाबद्दल सांगणाऱ्याचाच निर्णय झालेला नाही तो देणंघेणं सुरू करतो, मग तो ऐतरेय ब्राह्मणातला असो वा एका इंग्रज प्राध्यापकाच्या कागदांतला. फरक उरतो तो दुसऱ्याच ठिकाणी. तपतीची कथा महाभारतात कोण कुणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगतो ते आठवावं. पांडव रात्री गंगेवर पोचतात. अंगारपर्ण गंधर्व जलक्रीडा करत असतो आणि या वेळी हे पाणी माझं, दूर व्हा, असं दरडावतो. अर्जुन विचारतो: समुद्र, हिमालयाचा उतार आणि ही नदी, रात्री असो, दिवसा असो वा संधिकाळी, कुणाच्या एकट्याच्या राखीव कशा असतील? गंधर्व हरतो, मैत्री होते, आणि मग तो अर्जुनाला तापत्य म्हणून हाक मारतो व तपती-संवरणाची कथा सांगतो. पाण्यावरच्या मालकीचा दावा मोडला गेल्यावरच ही कथा तोंडातून बाहेर पडली आहे. वरुणाला झूलेलाल करताना सिंधी माणसाला कुणाची परवानगी लागली नाही, संवरणाशी त्याचं नातं जोडताना तापीकाठच्या पुराणिकालाही नाही. उल्मोची नवी कथा आज कुणी मराठीत रचली, त्याला तापीत उतरवलं आणि पुस्तक छापलं, तर वारसांचा कायदेशीर हक्क आडवा येईल. टॉल्किनप्रेमी तरीही आपापसांत अशा कथा लिहितात आणि मला ते योग्य वाटतं. हक्काची मुदत कधीतरी संपेल. ती संपेपर्यंत अर्जुनाचा प्रश्न उल्मोच्या बाबतीतही विचारत राहायला हवा.