रुळांवरच्या चपात्या

परतूर स्टेशनातून निघालेली गाडी जालना, बदनापूर, करमाड करत मनमाडकडे जाते. ८ मे २०२० च्या पहाटे याच मार्गावर, करमाडजवळच्या सटाणा शिवारात, रिकामे पेट्रोल टँकर नेणारी मालगाडी रुळांवर झोपलेल्या मजुरांना चिरडून गेली. १६ जण गेले. सगळे मध्य प्रदेशचे, जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारे. टाळेबंदीत काम बंद पडलं, म्हणून गावाकडची गाडी गाठायला ते रात्रीच पायी निघाले होते.

उजाडल्यावर रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो मोबाइलवर फिरू लागला. मेणबत्त्या, जोडलेले हात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

ती हळहळ खोटी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ती जाहीर केल्यावर माणूस मदतीकडे सरकतो, की हिशेब तिथेच मिटवतो?

क्रिस्टोफरसन, व्हाइट आणि पेलोझा या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासलं. चारचौघांत पाठिंबा मिरवलेली माणसं खऱ्या मदतीची वेळ आली तेव्हा फारशी पुढे सरसावली नाहीत. तोच पाठिंबा एकांतात दिलेली जास्त आली. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये, असं सांगणाऱ्या आजीला यात नवल वाटलं नसतं. गुप्तदानाचा आग्रह निव्वळ नम्रतेसाठी नसावा.

तरी फोटोला अगदीच मोडीत काढता येत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृत पडलेल्या अॅलन कुर्दी या सीरियन बालकाचा फोटो छापून आला, आणि स्वीडिश रेडक्रॉसच्या निर्वासित निधीला रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या आठवड्यात शंभरपटीहून वाढली. दीड महिन्यात लाट ओसरली. टिकले ते दरमहा पैसे देण्याचं कबूल केलेले. वारकऱ्यांच्या भाषेत, ज्यांनी नेम धरला ते.

जालन्याशेजारच्या पैठणच्या संत एकनाथांची कथा इथे सगळ्यांना पाठ आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. कीर्तनात या प्रसंगाला सगळ्यांचे डोळे पाणावतात. पण कावड नाथांची रिती झाली होती, श्रोत्यांची नव्हे.

आणि परप्रांतीयांबद्दल हळहळणारा हा जालना जिल्हा स्वतःही माणसं बाहेर धाडतोच. मुकादमाची उचल फेडायला ऊसतोड मजूर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथल्या फडात ते परकेच. कोपीत रात्री लेकरू तापानं फणफणलं, तर दवाखान्यापर्यंत कोण गाडी काढतं, हे त्या गावच्या स्टेटसवर दिसत नाही.