आधी मोजणी, मग मासेमारी

नागपूरच्या धरमपेठेतून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूरच. तरी अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक, डॉ. अदिती पंत, यांचा जन्म याच शहरातला. ॲलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने त्यांना समुद्राची ओढ लावली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून त्या १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेवर गेल्या आणि तिथल्या पाण्यातली अन्नसाखळी त्यांनी अभ्यासली.

कोण कोणाला खातो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ध्रुवीय उन्हाळ्यात बर्फ वितळते, उजेड मिळतो आणि डायटम ही सूक्ष्म शैवाले झपाट्याने वाढतात. त्यांच्यावर क्रिल हा कोळंबीसारखा जीव पोसतो, बोटाएवढा, जेमतेम सहा सेंटिमीटरचा. क्रिलवर देवमासे, सील आणि पेंग्विन जगतात. मेलेली शैवाले आणि क्रिलची विष्ठा खाली बुडते, तेच हजारो मीटर खोल काळोखातल्या जीवांचे अन्न. क्रिल मुख्यतः वरच्या दोनेकशे मीटरांत राहतो, अशी समजूत होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्याला तो तीन हजार मीटरांहून खोल, तळाशी चरताना दिसला. म्हणजे ज्याला आपण ओळखतो असे वाटत होते, त्याचा पत्ताही आपल्याला अर्धाच ठाऊक होता.

विसाव्या शतकात माणसाने या समुद्रातले देवमासे आधी मारले, हिशेब नंतर मांडला. तोवर निळा देवमासा संपत आला होता. त्यातून शहाणपण आले ते १९८० च्या अंटार्क्टिक सागरी जीवसंपदा करारात: क्रिल किती धरायचा हे ठरवताना त्याच्यावर जगणाऱ्यांचा वाटा आधी बाजूला ठेवायचा. या कराराच्या आयोगाचा भारत १९८६ पासून सदस्य आहे.

मला या तत्त्वाचे मोल फार वाटते. एरवी नुकसान सिद्ध करण्याचे ओझे निसर्गाच्या बाजूने बोलणाऱ्यावर पडते. इथे ते घेणाऱ्याच्या खांद्यावर आहे. हा न्याय ध्रुवापुरता का ठेवायचा? धरमपेठेला लागून अंबाझरी तलाव आहे. त्यातले प्लवक, किडे, मासे, पक्षी यांची दरवर्षी, त्याच ऋतूंत, त्याच ठिकाणी नोंद व्हावी आणि तलावाबाबतचा प्रत्येक निर्णय ती नोंदवही समोर ठेवून घेतला जावा. महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम जमेल. त्याला जहाज लागत नाही. बारीक जाळी, सूक्ष्मदर्शक आणि वर्षानुवर्षे न मोडणारा नेम पुरे.